उसना घास

“आणि हात आत घातला की काय लागतं?” अज्जांनी विचारलं.

शतावरीच्या मुळांची पाटी डोक्यावर घेऊन शिवलिंग गोठ्याच्या दाराशी आला होता. तो तिथंच थांबला.

“गरम लागतं, अज्जा,” दस्तगीर म्हणाला. “ताप आलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवावा तसं. वर चाऱ्याचा थर तरंगत असतो, ओल्या गादीसारखा. त्याच्या खाली हात नेला की पातळ. आणि ते कधी थांबत नाही बघा. सारखं घुसळत राहतं. आतून कुणीतरी मनगट दाबून सोडतंय, दाबून सोडतंय…”

“मनगट दाबतं?”

“हो जी.”

मठाचे ऐंशी वर्षांचे अज्जा लहान पोरासारखे हसले. त्यांनी आपलं मनगट दुसऱ्या हातानं दाबून बघितलं.

“आणि वास?”

“आंबूस. पण चांगला आंबूस. ताकाच्या डेऱ्यात नाक घातल्यासारखा.”

“आणि…?”

शिवलिंगानं पाटी खाली ठेवली. ठेवली कसली, आदळलीच. दोघांनी वळून बघितलं.

“मुळं आणली,” तो म्हणाला.

“धुऊन वाळत घाल,” अज्जा म्हणाले आणि पुन्हा दस्तगीरकडं वळले.

मठात येऊन शिवलिंगाला अठरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत अज्जांनी त्याला ‘धू’, ‘वाळव’, ‘कूट’, ‘झाड’ हे सगळं सांगितलं होतं. ‘आणि?’ असं एकदाही विचारलं नव्हतं.

चिंचदऱ्याचा मठ म्हणजे बालाघाटाच्या उतारावर एक दगडी चौथरा, दोन खोल्या आणि त्या दोन्ही खोल्यांपेक्षा मोठा गोठा. गोठ्यात देवणी गाई. अज्जांच्या गुरूंनी त्या पाळल्या, मग अज्जांनी. आसपासच्या वीस-पंचवीस गावांतली माणसं डोंगर चढून मठात यायची ती देवासाठी कमी आणि पुडीसाठी जास्त. कुणाच्या बैलानं चारा सोडलेला असे, कुणाची म्हैस फुगलेली असे, कुणाची गाय पोटभर खाऊनही हाडं दाखवत असे. अज्जा जनावराच्या डाव्या कुशीला कान लावून ऐकत आणि पूड देत. शतावरी, मेथी, ओवा, सुंठ, बाभळीच्या शेंगा, हिरडा आणि रिठा. झाडपाल्याचीच सगळी. ती जनावराच्या तोंडाला लागत नाही, पोटाला लागते, असं लोक म्हणायचे.

ही पूड अठरा वर्षं शिवलिंगाच्या हातानं कुटली गेली होती. कुठला हिरडा कोवळा, कुठल्या बाभळीची शेंग कडू, हे तो आता डोळे मिटून सांगू शकला असता. पण विचारणार कोण?

दस्तगीर आला तो थंडीत. भावाच्या बैलाला घेऊन दोन दिवसांसाठी आला. बैल बरा होऊन गेला, दस्तगीर राहिला. साठी उलटलेला, बायको गेलेली, मुली आपापल्या घरी. जनावरांच्या डॉक्टरांच्या एका कॉलेजात त्यानं सगळी नोकरी शिपाई म्हणून काढली होती. तिथं एका गाईच्या डाव्या कुशीला डॉक्टरांनी गोल खिडकी पाडून तिला रबरी झाकण बसवलं होतं. झाकण काढलं की हात थेट पोटात. कुठला पाला किती वेळात पचतो हे बघायला चाऱ्याच्या लहान लहान पिशव्या दोरीला बांधून आत सोडायच्या आणि वेळ झाली की ओढून काढायच्या, हे दस्तगीरचं काम. डॉक्टर येत गेले, बदलून जात गेले. हात मात्र दस्तगीरचाच आत जात राहिला.

अज्जांनी सारा जन्म गाईच्या पोटाला बाहेरून कान लावला होता. आतून हात लावलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

ते त्याला सोडीनात.

ते त्याला ‘तुम्ही’ म्हणत. शिवलिंगाला ‘तू’. हेही शिवलिंगाच्या ध्यानात आलं होतं.

एके दिवशी पूड कुटताना दस्तगीर शेजारी येऊन बसला. त्यानं रिठ्याची टरफलं हातात घेऊन वास घेतला.

“एका गाईला किती घालता?”

“पाच टरफलं,” शिवलिंग म्हणाला.

दस्तगीरनं टरफलं हळूच परत ठेवली. अज्जा समोरच बसले होते.

“का हो?” त्यांनी विचारलं. “जास्त होतात?”

“तसं नाही अज्जा… तुमचा अनुभव मोठा. पण कॉलेजात बघितलंय ते सांगतो. रिठा थोडा दिला की पोटातला वायू कमी होतो, चारा अंगी लागतो. जास्त झाला की फेस होतो. आतली वस्ती मरते.”

“वस्ती?”

“पोटात बारीक जीव असतात, अज्जा. डोळ्याला दिसत नाहीत. एका ओंजळीत अख्ख्या तालुक्याच्या माणसांहून जास्त. गाय चारा खात नाही, ते खातात. गाय त्यांना पोसते, ते गाईला पोसतात. डॉक्टरांनी मला काचेतून दाखवले होते. नुसते पळत होते इकडून तिकडं…”

अज्जांनी एक टरफल उचलून उलटसुलट करून बघितलं.

“शिवलिंगा,” मग ते म्हणाले, “आजपासून दोनच टरफलं घाल.”

शिवलिंगाचा मुसळावरचा हात थांबला.

“तुमच्या गुरूंनी पाच सांगितली होती, अज्जा.”

“हो.”

“तुम्हीही अठरा वर्षं पाच सांगितली.”

“हो. आता दोन.”

अज्जा उठून गेले. दस्तगीर खाली मान घालून बसला होता.

“मला बोलायला नको होतं,” तो म्हणाला.

शिवलिंगानं मुसळ उचललं आणि असं कुटलं, असं कुटलं की उखळाबाहेर पूड उडाली.

उन्हाळा लागला तशी मठाची गुरं नेहमीप्रमाणं नदीकाठच्या कुरणात गेली. वर राहिल्या दोन दुभत्या गाई, वानेरी आणि कपिली. एका आईच्या लेकी. वानेरीचं तोंड काळं आणि अंग पांढरं, कपिली तांबूस. वानेरीचं शिवलिंग बघायचा. सहा वर्षांपूर्वी ती जन्मताना अडली होती, तेव्हा तिला त्यानंच ओढून बाहेर काढलं होतं. कपिलीचं काम अज्जांनी दस्तगीरला दिलं.

पैज कुणी लावली नव्हती. ती शिवलिंगानं आपल्याच मनाशी लावली.

कपिलीला दोन टरफलं जाऊ लागली. वानेरीला तो गुपचूप पाचच घालत राहिला. पंधरा दिवसांत कपिलीचं दूध अर्ध्या लिटरनं वाढलं. वानेरीचं होतं तिथंच राहिलं.

अज्जा रोज सकाळी दोघींचं शेण दोन बोटांनी फोडून बघत. वानेरीच्या शेणापाशी ते तीन श्वास थांबत. कपिलीच्या शेणापाशी आठ, नऊ, कधी दहा. शिवलिंग झाडता झाडता मोजायचा.

“दाणा बघा कसा बारीक झालाय,” अज्जा दस्तगीरला म्हणायचे. “काडीसुद्धा वाया जात नाही. हे कशानं हो?”

हे कशानं हो… ते तीन शब्द शिवलिंगाच्या पोटात दिवसभर राहायचे. जेवताना असायचे, आंघोळीला असायचे. दस्तगीर झाडाखाली चादर अंथरून नमाजाला उभा राहिला की शिवलिंगाला वाटायचं, हा देवाशीसुद्धा असाच गोड बोलत असेल. दस्तगीरनं त्याच्या ताटात भाकरी वाढली की ती भाकरी नको व्हायची. दस्तगीरला हे कळत नव्हतं, की कळून तो तसा वागत होता, हे शिवलिंगाला ठरवता येईना. आणि त्याचीही त्याला चीड यायची.

मग एका सकाळी त्यानं रिठा वाढवला.

वानेरीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं. ती त्याची होती. त्याला फक्त दस्तगीर खोटा पडायला हवा होता. रिठ्यानं काही होत नाही. पाचानं नाही, दहानं नाही, मूठभर दिला तरी नाही. अज्जांनी बघावं, आणि मग बोलावं कुणाचं ऐकायचं ते.

पहिल्या दिवशी त्यानं मूठभर रिठ्याची पूड सरकीच्या पेंडीत गूळ घालून कालवली. वानेरीनं चाटूनपुसून खाल्ली. संध्याकाळपर्यंत काहीही झालं नाही. शिवलिंग त्या दिवशी गाणं गुणगुणत झाडत होता.

दुसऱ्या दिवशी आणखी एक मूठ. वानेरीनं अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. उरलेली त्यानं पुन्हा गूळ घालून खायला लावली.

तिसऱ्या दिवशी तिनं पाटीचा वास घेतला आणि मान फिरवली. जन्मल्यापासून तिनं त्याच्या हातचं काही नाकारलं नव्हतं. त्यानं गोळे केले आणि एकेक करून तिच्या तोंडात, जिभेच्या मागं ढकलले. ती गिळत होती आणि त्याच्याकडं बघत होती.

चौथ्या दिवशी तिनं कडब्याला तोंड लावलं नाही. कान गार पडले होते. ती रवंथ करत नव्हती. शिवलिंगानं तिच्या डाव्या कुशीला कान लावला. एरवी तिथं मिनिटाला एकदा-दोनदा लांबवर ढग गडगडावा तसा आवाज यायचा. आता तिथं काही नव्हतं… त्यानं श्वास रोखून ऐकलं. भिंतीला कान लावल्यासारखं.

त्यानं सुंठ पाजली. ओवा पाजला. कूस चोळली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. अज्जांना तो म्हणाला, “उन्हानं सुस्तावलीय.”

पाचव्या दिवशी ती बसली ती उठेना.

अज्जा आले. त्यांनी गुडघे टेकले, कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्यांनी मान वर केली आणि शिवलिंगाकडं सरळ बघितलं.

“काय घातलंस?”

अठरा वर्षांत अज्जांनी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. खरोखर उत्तर हवं असलेला, आणि उत्तर फक्त त्याच्याकडं असलेला.

“रोजचंच,” शिवलिंग म्हणाला.

अज्जांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

“आतली वस्ती गेलीय,” ते म्हणाले. “वस्ती औषधानं बसत नाही. दुसऱ्या घरून माणसं आणावी लागतात.”

“म्हणजे…?”

“कपिली रवंथ करायला बसली की तिच्या तोंडातला घास काढ. गरम आहे तोवर कोमट पाण्यात कालव. गाळून हिला पाज. आज तीनदा.”

शिवलिंग हलला नाही.

“कपिलीचाच का?”

“दुसरी कुठली आहे इथं?”

“खाली नदीवरून आणतो एखादी गाय…”

“तू खाली जाऊन येईपर्यंत ही थांबेल?”

वानेरीनं मान जमिनीवर टाकली होती. तिच्या नाकपुड्यांवर माशा बसत होत्या आणि ती त्या उडवत नव्हती.

शिवलिंग उठला. दस्तगीर पहाटेच डोळ्याचं औषध आणायला डोंगर उतरून गेला होता. त्यातल्या त्यात तेवढं बरं होतं. त्याला विचारावं लागणार नव्हतं.

कपिली गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिचा जबडा संथ फिरत होता. शिवलिंग तिच्यापुढं येऊन उकिडवा बसला.

जबडा थांबला.

तो बसून राहिला. कपिली त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या मानेत काही हललं नाही, खालून वर काही आलं नाही.

तो थोडा मागं सरकला. ती तशीच.

सूर्य आढ्यावरून पुढं सरकला. शिवलिंग कपिलीकडं बघत होता. तिची चकचकीत पाठ, भरलेली कूस, तट्ट कास. हिचंच दूध वाढलं. हिच्याच शेणापाशी अज्जा दहा श्वास थांबायचे. त्याला तिची शिंगं दिसत होती, डोळे दिसत होते, आणि त्या सगळ्यामागं तो दुसरा माणूस दिसत होता, हसतमुख, चार गोष्टी जास्त माहीत असलेला. आणि आता वानेरीच्या पोटात जायचं तेसुद्धा याच्याच गाईच्या तोंडातलं.

“कर ना,” तो दातओठ खात म्हणाला. “कर की रवंथ!”

कपिली उठून उभी राहिली.

त्यानं झेप घालून तिचा जबडा धरला आणि तोंडात हात खुपसला. तोंड रिकामं होतं. तिनं मान झटकली. शिंग त्याच्या कोपराला लागलं आणि तो गव्हाणीवर आदळला.

गोठ्याच्या त्या टोकाला अज्जा वानेरीच्या अंगावर हात ठेवून बसले होते. त्यांनी हे बघितलं.

दुपार कलल्यावर दस्तगीर आला. त्यानं आडवी पडलेली वानेरी बघितली, मग उभी राहिलेली कपिली, मग शिवलिंगाच्या कोपरावरचं रक्त. खांद्यावरची पिशवी त्यानं खुंटीला अडकवली.

शिवलिंगाला वाटलं, हा आता विचारील. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

“मला…” शिवलिंग म्हणाला. “मला कपिलीचा घास पाहिजे. वानेरीसाठी.”

“बरं,” दस्तगीर म्हणाला.

त्यानं कपिलीच्या पाठीवर थाप मारली, तिच्या कानामागं खाजवलं. जरा वेळानं ती खाली बसली. मग दस्तगीर तिच्याकडं पाठ करून जमिनीवर बसला.

“तुम्हीही बसा. असंच, पाठ करून. तिच्याकडं बघू नका.”

शिवलिंग बसला. दोघांच्या पाठी कपिलीकडं, तोंडं भिंतीकडं. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

“रिठा मी घातला,” शिवलिंग भिंतीला म्हणाला. “तीन दिवस. रोज मूठभर.”

“वास येतोय तुमच्या हाताला.”

“तुम्ही खोटे पडावं म्हणून घातला.”

बाहेर कुठंतरी होला घुमत होता.

“आमच्या कॉलेजात ती खिडकीची गाय होती ना,” थोड्या वेळानं दस्तगीर म्हणाला. “तिला मी धुवायचो, मी चारायचो. झाकणाच्या कडेला जखम झाली की मी हळद लावायचो. आणि पाहुणे आले की एक डॉक्टर यायचे. पांढरा कोट, लांब हातमोजा. झाकण उघडून हात आत घालायचे आणि फोटो काढून घ्यायचे. मला म्हणायचे, जरा बाजूला हो.”

“मग?”

“जळायचो मी. लई जळायचो. भाकरी गोड लागायची नाही. अल्लाला म्हणायचो, याची बदली कर.”

“मग?”

“झाली.”

“मग?”

“दुसरे डॉक्टर आले. मी त्यांच्यावर जळायला लागलो.”

शिवलिंगाला हसू यायला नको होतं. वानेरी मरायला टेकली होती, कोपर ठणकत होतं. पण ते आलं. आधी नाकातून आलं, मग त्याला ते आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. दस्तगीरही हसत होता, खांदे हलवत, आवाज न करता.

मग दस्तगीरनं एक बोट वर केलं.

त्यांच्या पाठीमागं, संथपणे, ओलं गवत दळल्यासारखा आवाज येत होता.

“उठू नका झटक्यानं,” दस्तगीर कुजबुजला. “मी नाक धरतो. घास तुम्ही काढा.”

“तुम्हीच काढा. तुमचं ऐकते ती.”

“तिला धरतो म्हटलं ना मी. मानेखाली बघा. गोळा खालून वर चढतो, कातडीखालून उंदीर पळाल्यासारखा. तोंडात आला की गालाच्या बाजूनं हात घाला, जिथं दात नसतात तिथून.”

पहिला गोळा निसटला. दुसऱ्या वेळी शिवलिंगाच्या बोटांत काहीतरी आलं आणि त्यानं मूठ मिटून हात बाहेर ओढला.

लिंबाएवढा हिरवा, मऊ गोळा. त्यातून पाणी ठिबकत होतं. आंबूस वास. आणि गरम… इतका गरम की शिवलिंगाला तो जिवंत वाटला. त्यानं मूठ छातीशी धरली आणि तो धावत सुटला.

असे पाच-सहा घास निघाले तेव्हा एका वेळचं झालं. कोमट पाण्यात मीठ-गूळ घालून ते त्यानं कालवलं, आपल्या धोतराच्या सोग्यातून गाळलं. दस्तगीरनं वानेरीची मान उचलून मांडीवर घेतली. शिवलिंगानं बांबूच्या नळीनं थोडं थोडं पाजलं. निम्मं सांडलं. दिवे लागायच्या आत त्यांनी तीनदा पाजलं. तिसऱ्या वेळी वानेरीनं आपली आपण जीभ बाहेर काढून नळी चाटली.

सकाळी शिवलिंगानं कुशीला कान लावला. आधी काही नाही. मग, खूप आत, लाकडी पुलावरून रिकामी बैलगाडी जावी तसा आवाज आला आणि गेला. तो थांबला. त्यानं डोळे मिटले. पुन्हा आला.

“आलं!” तो ओरडला. “दस्तगीरभाई, आलं!”

दस्तगीरनं येऊन कान लावला. मग अज्जा आले, त्यांनीही लावला. ऊन गोठ्यात येईपर्यंत वानेरी पुढचे गुडघे टेकत, धडपडत उभी राहिली आणि तिनं कडब्याचं एक पान ओढलं. चघळता चघळता थांबली. पुन्हा चघळलं.

अज्जांचा चेहरा उजळला. ते वळले.

“का हो दस्तगीर,” त्यांनी विचारलं, “ती नवी वस्ती आत रुजायला किती दिवस लागतात?”

दस्तगीर सांगू लागला. अज्जा ऐकू लागले, मान पुढं काढून, तोंड किंचित उघडं ठेवून.

शिवलिंग वानेरीच्या गळ्यात हात टाकून उभा होता. त्याचा हात सैल पडला.

दस्तगीर पाणी आणायला गेला तेव्हा तो अज्जांपुढं येऊन बसला.

“अज्जा, मी खोटं बोललो. रोजचं नव्हतं. रिठा होता. तीन दिवस, तीन मुठी.”

“हं.”

“मला हाकलून द्या.”

“गोठा कोण झाडील?”

शिवलिंग बसून राहिला. जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

“आणखी एक आहे,” तो म्हणाला.

“बोल.”

“त्यांच्यामुळं वानेरी वाचली. काल मी त्यांच्याशेजारी बसून हसलोसुद्धा. वाटलं, गेलं सगळं. आणि आत्ता तुम्ही त्यांना विचारलंत…” त्यानं काडी मोडली. “पुन्हा जळलं, अज्जा. अजून जळतंय. इथं.”

त्यानं पोटावर हात ठेवला.

अज्जांनी त्याचा हात बाजूला केला. ते हळूच वाकले आणि गाईला लावत तसा त्यांनी शिवलिंगाच्या डाव्या कुशीला कान लावला. त्यांची पांढरी दाढी त्याच्या उघड्या पोटाला टोचत होती. त्यांनी डोळे मिटले. तीन श्वास झाले… आठ झाले… दहा होऊन गेले.

मग ते सरळ बसले.

“जळू दे,” ते म्हणाले. “गार पडलेल्या पोटात काही पचत नाही.”